तीनशे चाळीस नंबरची ओळ

आमच्या घरातून निनावी कागद कधी बाहेर पडला नाही. बाबा नाशिक रोडच्या छापखान्यात कामाला होते. ड्यूटी संपली की कॉलनीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढायचे. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. शाळेत मास्तर नाहीत, काढा पत्रक. रेशन दुकानावर 'रॉकेल संपले'ची पाटी आणि मागच्या दाराने भरलेले डबे, मग तर पत्रक हवंच. मी अक्षरं शिकले ती पाटीवर कमी आणि शाई वाळायला सतरंजीवर पसरलेल्या त्या कागदांवर जास्त. 'निषेध' हा शब्द मला 'नाशिक'च्या आधी लिहिता आला.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांचं नाव आणि घर नंबर असायचाच. कोणी म्हणालं, "कशाला उगाच नाव? साहेब लोक धरतात," तर बाबांचं उत्तर ठरलेलं. "खाली नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, अंधारातून मारलेला दगड."

त्यांचा दुसरा नियम मला लहानपणी लाजिरवाणा वाटायचा. पत्रकात चूक निघाली तर बाबा गप्प बसत नसत, जुनी पत्रकं गोळा करून जाळत नसत. ते दुसरी आवृत्ती काढायचे. एकदा त्यांनी 'आमच्या कॉलनीत पाणी येतच नाही' असं ठणकावून छापलं. कोपऱ्यावरच्या घरातून आवाज आला, "ओ, पहाटे तासभर येतं की! तुम्ही झोपलेले असता." दुसऱ्या दिवशी नवं पत्रक निघालं. 'आवृत्ती दुसरी. कालच्या पत्रकात पाणी येतच नाही असे म्हटले होते, ते चूक. पहाटे एक तास येते. कोपऱ्यावरच्या घराने सांगितले म्हणून दुरुस्ती. तासभर पाणी पुरत नाही, हे कालही खरे होते आणि आजही आहे.' शाळेत पोरींनी मला महिनाभर 'आवृत्ती दुसरी' म्हणून चिडवलं. पण पाणीखात्याचा माणूस आला तेव्हा तो ती दुसरी आवृत्ती हातात घेऊन आला होता, पहिली नव्हे. तो म्हणाला, "ज्याला स्वतःची चूक छापता येते, त्याचं बाकीचं खरं असणार." कॉलनीला संध्याकाळचं पाणी सुरू झालं. माझा चिडका चेहरा मात्र तसाच राहिला. मला अजून कळायचं होतं.

पुढे मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि शहरातल्या एका सकाळच्या शाळेत लागले. टेम्पररी. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. त्याच वर्षी शाळेत कॉम्प्युटर आला.

आला म्हणजे काय, एक कीबोर्डाचा डबा आला, त्याला जोडायला टीव्ही आला आणि लिहिलेलं जपून ठेवायला साधा टेपरेकॉर्डर आला. त्यांच्यासाठी शिवणवर्गाची खोली रिकामी केली. शिवणयंत्रं व्हरांड्यात गेली, खिडक्यांना पडदे लागले, जमिनीवर सतरंजी आली आणि दारावर पाटी लागली, 'चपला बाहेर काढाव्यात.' माझं रक्तच उसळलं. माणसांना उंबऱ्याबाहेर थांबवायची आपल्याला इतकी जुनी सवय की यंत्र आलं तरी आधी उंबरा आखला! मी तावातावाने हे स्टाफरूममध्ये बोललेही. विज्ञानाचे सर शांतपणे चहा फुंकत म्हणाले, "मॅडम, धूळ जाते हो त्याच्यात. धुळीला जात नसते."

सगळे हसले. मीही हसले, थोडं उशिरा.

हे विज्ञानाचे सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कोणी काही मागितलं आणि ते नाही म्हणाले असं शाळेत कोणाला आठवत नसे. सुट्टीत आम्हा दोघांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं, तेव्हापासून कॉम्प्युटर आमच्या गळ्यात पडला. ते मला 'पत्रकबाई' म्हणत. मला राग यायचा नाही, कारण त्यात विष नव्हतं.

आम्ही दोघांनी मिळून लिहिलेला पहिला उपयोगी प्रोग्राम म्हणजे शाळेचं वेळापत्रक. ज्यांनी शाळेत नोकरी केलेली नाही त्यांना वाटेल, त्यात काय एवढं. वेळापत्रकावरून शाळेत जेवढी भांडणं होतात तेवढी पगारावरून होत नाहीत. शनिवारचा शेवटचा तास कोणाला, दहावीचा उन्हातला तास कोणाला, सलग चार तास कोणाच्या नशिबी. पूर्वी पर्यवेक्षक मे महिन्यात एका मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या टाचण्यांनी लावत बसायचे आणि जूनमध्ये सगळ्यांच्या शिव्या खायचे. आता ते काम मशीन करणार होतं. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीरसुद्धा केलं, "मशीन कोणाची बाजू घेत नाही."

त्या मशीनला काम सांगायची रीत अशी होती. प्रोग्राम ओळीओळीने लिहायचा आणि प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा. दहा, वीस, तीस अशा टप्प्यांनी, म्हणजे मध्ये काही घालायचं राहिलं तर जागा असते. एका माणसाला एका वेळी दोन वर्ग देऊ नयेत, ही एक ओळ. पीटीचा तास मधल्या सुट्टीला लागून ठेवू नये, ही दुसरी. अशा अटी खाली खाली रचत आम्ही गेलो आणि तीनशे चाळीस नंबरच्या ओळीवर मी मराठीच्या बाईंची अट लिहिली. सात नंबरच्या शिक्षकाला पहिला तास देऊ नये. सात नंबर म्हणजे त्या.

मराठीच्या बाई ओझरहून यायच्या. नवरा तिथल्या विमानांच्या कारखान्यात, क्वार्टरही तिथेच. सकाळी सगळं नाशिक बसमध्ये उभं राहून ओझरला कामावर जायचं आणि बाई रिकाम्या बसमध्ये खिडकीजवळ बसून उलट्या दिशेने यायच्या. "मी गंगेच्या उलटी पोहते," असं म्हणायच्या. त्यांचं बाळ तेव्हा सहा-सात महिन्यांचं होतं. नवऱ्याची पहिली पाळी. बाळ सांभाळणाऱ्या मावशी यायच्या त्या उजाडल्यावर. त्यानंतरची बस बाईंना पहिला तास संपता संपता शाळेत सोडायची. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या तेव्हा हेडसरांनी तोंडी कबूल केलं होतं, पहिला तास देणार नाही. त्या एका शब्दावर त्यांची नोकरी उभी होती.

मी त्या ओळीच्या आधी, तीनशे पस्तीसवर, एक टीप लिहिली. मशीन जिच्याकडे लक्ष देत नाही, फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असते, अशी ओळ लिहायची सोय होती. त्यात मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. 'बाई ओझरहून येतात. हेडसरांनी कबूल केले आहे. बदलू नये.'

आणि इथेच आमचं पहिलं भांडण झालं.

माझं म्हणणं, प्रत्येक वेळी प्रोग्राम बदलला की तो वेगळ्या कॅसेटवर ठेवायचा, जुना पुसायचा नाही. कॅसेटवर नंबर घालायचा आणि काय बदललं, का बदललं, कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहायचं. सर हसायला लागले.

"पत्रकबाई, ही काय राज्यघटना आहे? शंभर ओळींचा प्रोग्राम. मला अख्खा पाठ आहे."

"आज पाठ आहे. दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर पुन्हा पाठ करीन. अहो, पावशेर पोह्यांना कोणी कोठार बांधतं का? मोठमोठ्या कारखान्यात ठीक आहे हे. तिथे पन्नास माणसं एकाच कामावर. इथे आपण दोघं. मी बदललं तर तुम्हाला सांगीन, तुम्ही बदललंत तर मला सांगा. संपलं."

त्यांचं सगळंच चूक नव्हतं. कॅसेटवर प्रोग्राम चढवायला टेपरेकॉर्डर मिनिट-मिनिट किंचाळत राहायचा, शेजारच्या वर्गातली पोरं कानात बोटं घालायची. चांगल्या कॅसेट मागितल्या की ऑफिसातून 'पैसे नाहीत' हेच उत्तर यायचं. शेवटी एकच कॅसेट राहिली. तिच्यावरच नवं चढवायचं आणि जुनं त्याखाली जायचं. मी हरले, पण मनातून नाही. एवढं छोटं काम, त्याला कशाला एवढा पसारा, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं. कॉलनीतल्या नळाबद्दलही लोक हेच म्हणायचे.

जूनमधलं वेळापत्रक उत्तम निघालं. टीव्हीवरून मी ते मोठ्या कार्डशीटवर उतरवलं आणि शिपाईमामांनी नोटीस बोर्डावर लावलं. महिनाभर कौतुक झालं. मग स्टाफरूमला शोध लागला की मशीनकडून बदलूनही मिळतं.

"सर, माझं तेवढं गुरुवारचं बघा ना."

"सर, एकच तास इकडचा तिकडे. मशीनला काय कष्ट?"

"सर, तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणलीय. आणि हो, ते शनिवारचं..."

सर हो म्हणत गेले. कोणी त्यांना व्हरांड्यात गाठायचं, कोणी सायकल स्टँडवर. सगळं कानात, सगळं हसत हसत. दर वेळी एखादी ओळ वाढायची, एखादी बदलायची, आणि बोर्डावर नवं कार्डशीट यायचं. मला सांगायचं ते राहून जायचं. त्यांच्या मनात काही नव्हतं, मधल्या सुट्टीत ज्याला बारा कामं असतात त्याचं जे होतं तेच झालं.

गणपतीनंतरच्या एका वेळापत्रकात मराठीच्या बाईंना आठवड्यातले तीन दिवस पहिला तास आला.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, चुकलं असेल. विचारायला गेल्या तर हेडसर म्हणाले, "मशीनने काढलंय. दुसरीकडे बसत नसेल." स्वतःचा शब्दही त्यांच्या लक्षात राहिला नव्हता. मस्टरवर बाईंना लाल शाईचा लेटमार्क लागला. मग दुसरा, मग तिसरा. तीन लेटमार्कांना एक रजा जायची आणि बाईंच्या रजा बाळाने केव्हाच संपवल्या होत्या. म्हणजे पगार कापणार. त्यापेक्षाही वाईट, नावापुढे शेरा लागणार.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. शिवणवर्गाच्या खोलीच्या दारात चपला काढून त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मशीनला माझा काय राग आहे, बघा तरी. पर्यवेक्षकांशी मी भांडले असते. ह्याच्याशी कसं भांडू? ह्याला तोंडच नाही."

"मी बघते."

"दिवाळीपर्यंत बघते मीही. नाही जमलं तर सोडते. घरचे म्हणतातच, कशाला धडपड."

मला वाटलं, माझ्या हाताला कोणीतरी चटका दिला. मशीन कोणाची बाजू घेत नाही, असं आम्ही सांगितलं होतं. आणि एका बाईची नोकरी कोणाच्याही नावाशिवाय चालली होती. अंधारातून दगड लागला होता आणि मारणारा कोणीच नव्हता.

मी सरांना बोलावलं. टीव्हीवर प्रोग्राम ओळीओळीने वर सरकू लागला. तीनशे पस्तीसची माझी टीप नव्हती.

"ती मी काढली," सर म्हणाले. "मशीनची जागा भरत आली होती ना. म्हटलं, ज्या ओळींना काम नाही त्या काढू."

पुढची ओळ आली. तीनशे चाळीस. एक नंबरच्या शिक्षकाला पहिला तास देऊ नये.

एक नंबर म्हणजे हेडसर. दहावीचं इंग्रजी ते स्वतः शिकवत.

सर दोन्ही हात डोक्याला लावून बसले. "अरे देवा. ते इथेच मागे उभे होते चहा घेऊन. म्हणाले, पहिल्या तासाला पालक येतात, मधूनच उठावं लागतं, जरा पुढचा तास द्या. मला वाटलं, तीनशे चाळीस रिकामी आहे. तिथेच टाकलं."

त्या मशीनचा स्वभावच तसा होता. त्याच नंबरची नवी ओळ लिहिली की जुनी आपोआप जायची. 'इथे आधीच कोणीतरी आहे' असं ते विचारत नसे. हेडसर चहा पीत उभे होते, सर हसत टाइप करत होते, आणि त्यांच्यामध्ये बाईंची ओळ निघून गेली. दोघांपैकी कोणाच्याही मनात पाप नव्हतं. मला तर हे पापाहून वाईट वाटलं. पापाविरुद्ध पत्रक काढता येतं.

"सोपं आहे," सर म्हणाले. "तीनशे एक्केचाळीसला बाईंना परत घालतो. नवं कार्ड लावू. कोणाला कळणारही नाही."

घातलं. मशीन फिरत राहिलं. आम्ही चहा पिऊन आलो तरी फिरत होतं. शेवटी टीव्हीवर आम्हीच लिहिलेला निरोप उमटला, जमत नाही. दोघांनाही पहिला तास नको, तर वर्ग रिकामा राहत होता. हेडसर किंवा बाई, एकाला घ्यावाच लागणार.

सर हळूच म्हणाले, "आता?"

"आता आवृत्ती काढायची."

"पत्रकबाई, तुम्ही टेम्पररी आहात हो."

त्या रविवारी घरी मी कार्डशीट घेऊन बसले. बाबा शेजारी पेपर वाचत होते, म्हणजे माझ्याकडे बघत होते. वर वेळापत्रक आणि खाली मजकूर. मजकूर असा.

'आवृत्ती पहिली. याआधी किती झाल्या ते आम्हांला माहीत नाही, कारण आम्ही त्या पुसल्या. म्हणून इथून मोजतो. काय बदलले होते : मुख्याध्यापकांचा दहावीचा तास पहिल्यावरून तिसरा केला. का : पहिल्या तासाला पालक भेटायला येतात. कोणाच्या सांगण्यावरून : मुख्याध्यापक. परिणाम : ओझरहून येणाऱ्या मराठीच्या बाईंना पहिला तास आला, तो न देण्याचे आधी कबूल झाले होते. आता काय केले : दोन्ही अटी एकत्र बसत नाहीत, म्हणून मुख्याध्यापकांची नवी अट काढून बाईंची जुनी अट पुन्हा घातली आहे. मशीनने यातले काहीही ठरवलेले नाही. ज्यांना बदल हवा असेल त्यांनी इथेच खाली लिहावा, कारणासह. प्रोग्राम लिहिणारे : गणित आणि विज्ञान.' त्याखाली पूर्ण नावं.

"खाली नाव घातलंस?" बाबांनी विचारलं.

"घातलं."

"तुझं की त्यांचं?"

"दोघांचं."

"मग जेव आता."

सोमवारी शिपाईमामांनी कार्ड हातात घेतलं आणि खाली-वर पाहिलं. "बाई, ह्याच्यात लय लिवलंय. येळापत्रक तर वरच संपलं. खालचं बी चिकटवायचं?"

"खालचंच जास्त चिकटवा, मामा."

"हेडसरांचं नाव हाय ह्याच्यात."

"माझंही आहे."

मामांनी खळ जरा जास्तच लावली. म्हणाले, आता निघायचं नाय.

पहिला तास सुटता सुटता हेडसरांचं बोलावणं आलं. मी गेले. सर न बोलावताच माझ्यामागे आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

"हे काय लावलंय?"

"वेळापत्रक, सर."

"वेळापत्रक वर आहे. खाली काय आहे?"

"ते का बदललं, ते."

"माझं नाव नोटीस बोर्डावर लावायला कोणी सांगितलं तुम्हाला? मुलं वाचतायत. पालक वाचतील. तुम्ही टेम्पररी आहात, लक्षात आहे ना?"

"आहे, सर. म्हणूनच लिहून ठेवलं. मी गेले तर पुढच्या माणसाला कळावं."

सर दाराकडून खोकले. ते हसू होतं की इशारा, मला अजून सांगता येणार नाही. हेडसर उठले, चष्मा घातला आणि आम्हा दोघांना तिथेच ठेवून बोर्डापाशी गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यांनी ते पूर्ण वाचलं. 'परिणाम' जिथे लिहिलं होतं तिथे बोट ठेवून पुन्हा वाचलं. परत आले तेव्हा आवाज वेगळा होता.

"हे माझ्यामुळे झालं?"

"तुमच्या एका वाक्यामुळे, सर."

"मला कोणी बोललं कसं नाही?"

"मशीनने विचारलं नाही. आम्हीही नाही."

"अन् मीच रोज तिला लेटमार्क लावतोय." ते खुर्चीत बसले. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं, अन्यायावर, निनावी सत्तेवर, चांगलं दोन पानांचं. ते मला म्हणताच आलं नाही, कारण माणूस आधीच हलला होता. "मामांना सांगा, पालकांना तिसऱ्या तासाला पाठवत जा. पहिला मी घेतो. आधी घेतच होतो की."

मग त्यांनी मस्टर मागवलं. क्लार्कने ते आणताना सोबत ब्लेडही आणलं. शाई खरवडून कागद पुन्हा घोटून गुळगुळीत करण्यात तो वाकबगार होता. हेडसरांनी ब्लेड बाजूला सरकवलं.

"मस्टरवर खाडाखोड नाही. तीस वर्षं पाळलाय नियम. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही." त्यांनी एकेका लाल खुणेवर बारीक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'वेळापत्रकातील चुकीमुळे. ग्राह्य नाही.' सही केली. मग माझ्याकडे बघून थोडं तिरकस हसले. "कारण लिहिलंय. तुमच्या पत्रकासारखं. की अजून काही हवं?"

"नाही, सर."

मी बाहेर आले आणि मला हसूच फुटलं. सर विचारत राहिले, काय झालं. काय सांगणार? जी गोष्ट पटवून द्यायला मी महिनोन् महिने भांडत होते, ती त्या ऑफिसात तीस वर्षं मस्टरवर चालू होती. जुनं दिसू द्यायचं, नवं शेजारी लिहायचं, सही करायची. मशीन आलं आणि आम्हाला वाटलं, हे सगळं जुन्या कागदांसाठी होतं.

मधल्या सुट्टीत बाई आल्या. दारात चपला काढल्या. "माझी ओळ कुठाय, दाखवा."

मी टीव्हीवर तीनशे चाळीस काढून दाखवली आणि तिच्यावरची टीपही. तिच्यासाठी जागा करायला सरांनी स्वतःच्या सजावटीच्या चार ओळी काढल्या होत्या. वेळापत्रकाभोवती फुलांची चौकट काढणाऱ्या. बाईंनी काचेवर बोट ठेवलं.

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

"आणि ह्याच्यासाठी मी राजीनाम्याचा मसुदा केला होता. चांगला झाला होता हो. मराठीची आहे ना मी." आणि त्या मोठ्याने हसल्या. इतक्या की शेजारच्या वर्गातून 'शू' आलं.

त्यानंतर आम्ही आवृत्त्या ठेवू लागलो. सरांनी स्वतःच्या घरच्या दोन कॅसेट आणल्या. खरं सांगायचं तर त्यांवरच्या निम्म्या आवृत्त्या पुन्हा कधी मशीनवर नीट चढल्याच नाहीत. जुन्या आवृत्तीची गरजही क्वचितच पडली आणि सर मला ते अजून ऐकवतात. "बघा, तुमचं कोठार. पोहे सगळे तसेच." त्यांचं तेवढं मी मान्य करते. प्रत्येक प्रत जपली पाहिजे असा माझा आता हट्ट नाही. पण काय बदललं, का, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याने कोणाचं काय झालं, हे लिहिल्याशिवाय मी आजही दहा ओळींचा प्रोग्राम बदलत नाही. प्रोग्राम छोटा असतो. त्याच्याखाली ज्याची सकाळ असते, त्याच्यासाठी तो छोटा नसतो.

बोर्डाखालची जागा मात्र लोकांना लाभली. कानात सांगायच्या मागण्या आपोआप कमी झाल्या. लिहायला गेलं की कारण लिहावं लागतं आणि सगळ्यांसमोर लिहायचं कारण सुचायला वेळ लागतो. जी कारणं खरी होती ती आली. शेंगदाण्याची चटणी बंद झाली म्हणून सर थोडे दिवस खिन्न होते.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात बोर्डावर मराठीच्या बाईंच्या सुंदर अक्षरात एक मागणी आली. मी ती जशीच्या तशी पुढच्या आवृत्तीत उतरवली.

'सोमवारी शेवटचा तास नको. कारण : बाळ नाही, बस नाही, तब्येत नाही. नुसता कंटाळा.'

दुपारपर्यंत तिच्याखाली वेगवेगळ्या शाईंत चार जणांनी लिहिलं होतं, 'मलाही.' सगळ्यात खालचं अक्षर लाल शाईतलं होतं, आणि शेजारी नियमाप्रमाणे सही होती.